कान पाडलेली वही

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठते, तळ्याकाठचे पाळणे सुटे होऊन बैलगाड्यांवर चढतात, आणि दोन-चार दिवसांत पूर्वेकडून एक कोरडा वारा सोलापुरात शिरतो. त्याला पिकत आलेल्या शाळूचा वास असतो. वाऱ्यावर तो वास आला की इथल्या लोकांना हुरडा आठवतो. मलाही आठवतो, नाही असं नाही. पण त्याच्या आधी मला इंग्रजी शब्द आठवतात. काँग्रिगेट, अ‍ॅग्रिगेट, ग्रिगेरिअस. जिभेवर हुरडा आणि डोक्यात लॅटिन, असा माझा माघ महिना असतो. बायको म्हणते, "आला तुमचा मोसम." आला खरा.

आजही आला आहे. टेबलावर मॅट्रिकच्या फॉर्मांचा गठ्ठा पडला आहे. प्रिलिम झाली, कोण मुंबईच्या परीक्षेला बसणार आणि कोण घरी बसणार हे आता शाळेने ठरवायचं, आणि इंग्रजीपुरतं ते मी ठरवायचं. मी बी. ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी बी. ए. नव्हतं, कोणी मॅट्रिक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी दुसरी बुकही शिकलेलं नव्हतं. हे मी खाली मान घालून सांगत नाही. मेंढरांमागे गेलेल्या सात पिढ्यांनी मला जे दिलं त्याच्या बळावर मी इंग्रजी शिकलो, असं माझं स्वच्छ मत आहे. लोकांना ही बढाई वाटते. वाटू दे.

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी भवानी पेठेत एका विणकराच्या घरी राहत होतो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत ते कुटुंब, आणि मधल्या बोळवजा जागेत मी, माझी वळकटी आणि खिळ्याला टांगलेलं घोंगडं. घरची बाई नरसम्मा. तिची मूळ बोली तेलुगू, आणि मराठी ती तेलुगूच्याच चालीवर बोलायची. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, मागोमाग हातमाग खटखटू लागायचा आणि त्या तालावर मी शब्द घोकायचो. रोज वीस शब्द. शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ. ते डोक्यात शिरत, एक मुक्काम करत आणि पहाटे भोंग्याबरोबर गिरणीतल्या कामगारांसारखे निघून जात. संध्याकाळी परत येतील म्हणावं तर तेही नाही.

"किती दिवस हेच बोलतो रे?" नरसम्मा विचारायची. "आमचा पोपट तीन दिवसात शिकला."

"पोपटाला परीक्षा न्हाय, अम्मा."

"म्हणून तो शिकला."

प्रिलिमला इंग्रजीत मी आपटलो. गणितात पहिला, संस्कृतात बरा आणि इंग्रजीत सपाट. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शहरात पाठवताना एकच गोष्ट सांगितली होती : "एकडाव जा. पास झालास तर फुडं जा. न्हाय झालास तर काठी हाय, मेंढरं हायती. दुसऱ्यांदा न्हाय." ते कठोर नव्हते. हाताखाली एक माणूस कमी झालेला कळप किती दिवस रेटता येतो याचा त्यांचा तो हिशेब होता, आणि तो बरोबर होता. म्हणजे फॉर्म गेला नाही तर माझं शिक्षण तिथंच संपलं.

फॉर्म लेले मास्तरांच्या हातात होता. सडपातळ माणूस. धोतराला कधी डाग नाही, बोलण्यात कधी जास्तीचा शब्द नाही. त्यांनी मला घरी बोलावलं. हात धुतले, पुसले आणि देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून रुमालात बांधलेली एक जाड वही काढली. वीस वर्षं खपून त्यांनी ती लिहिली होती. ए पासून झेडपर्यंत शब्द, एका ओळीत एक, पानाच्या एकाच बाजूला. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ आणि तिसऱ्यात तांबड्या शाईने बारीक अक्षरात लॅटिन मूळ.

"तिसरा रकाना परीक्षेला येत नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवस वही तुझ्याकडे. पंधराव्या दिवशी, शनिवारी, मी विचारीन. सोमवारी फॉर्म मुंबईला जातील. त्यात तुझा असेल की नाही, ते तू ठरव."

वही घेऊन मी आलो तो घोंगड्याखाली लपवूनच, वाटेत कुणाची नजर लागू नये म्हणून.

चार दिवस जुनीच रड. मग पाचव्या दिवशी, कंटाळून म्हणा, मी तिसरा रकाना वाचायला घेतला. अ‍ॅग्रिगेट, एकूण बेरीज. तांबड्या शाईत : ग्रेक्स, कळप. मी थांबलो. पुढं सी मध्ये काँग्रिगेट, एकत्र जमणे. तांबड्या शाईत : ग्रेक्स, कळप. जी मध्ये ग्रिगेरिअस, घोळक्याने राहणारा. पुन्हा तेच. तीन शब्द, तीन ठिकाणी, एकमेकांपासून कोसभर लांब, आणि तिघांची आई एक!

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी सांजच्या वेळी मेंढरं घरी आलेली पाहिली आहेत त्यांना माझ्या छातीत काय झालं ते कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. लहान कोकरं रानात जात नाहीत. दिवसभर ती वाघरीत, म्हणजे जाळीच्या आवारात, कोंडलेली असतात. दिवस कलताना कळप येतो, जाळी उचलतात, आणि शंभर आया नि शंभर पोरं एकाच वेळी ओरडत एकमेकांवर धावतात. बघणाऱ्याला वाटतं, दंगल झाली. पण आबा मध्ये उभे राहून सांगत, "ही हिची न्हाय. ती कानाला चीर पडलेली, तिची." चुकलेलं पोर उचलून ते त्याच्या आईजवळ सोडत. अर्ध्या घटकेत सगळा गलका शांत. फक्त दूध ओढल्याचा आवाज. हे काम मी सहा वर्षांचा असल्यापासून करत आलो होतो. मला शंभर कोकरं पाठ होती, आणि वीस शब्द पाठ होत नव्हते, कारण मास्तरांनी ती कोकरं वयाप्रमाणे नव्हे, रंगाप्रमाणेही नव्हे, तर नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे बांधली होती. अशी कोकरं कोण बांधतो?

मग मी जे केलं त्याची मला त्या वेळी जराही भीती वाटली नाही, हे नीट लिहून ठेवतो. आमच्यात जनावर राखायला आलं की पहिल्यांदा त्याचा कान पाडतात. कुणाच्या कानाला चीर, कुणाच्या टोकाला कातर, कुणाला अर्धचंद्र. त्यात इजा करण्याचा भाव नसतो. खूण नसलेलं जनावर म्हणजे कुणाचं नसलेलं जनावर. मी नरसम्माकडून सूत कापायची कात्री मागून घेतली.

"काय कापतो?"

"कान."

"अय्यो! कुणाचे?"

"इंग्रजांचे."

ती हसत हसत आत जाऊन नवऱ्याला तेलुगूत सांगून आली, आणि माग क्षणभर थांबला.

ग्रेक्सच्या ओळीसमोर पानाच्या कडेला टोकदार खाच. पोर्टो, वाहून नेणे, त्याला सरळ चीर. स्पेक्टो, पाहणे, त्याला अर्धचंद्र. ड्युको, हाकत नेणे, त्याला दुहेरी खाच. स्क्रिबो, लिहिणे, त्याला तिरपी कातर. अंगठ्याखालून पानं सोडली की सारख्या खुणांचे शब्द पळत पळत एकमेकांजवळ येत. एम पर्यंतची पानं मी अशी पाडली. पुढची पाडायला दिवस उरले नाहीत. पण आता शब्द जात नव्हते. भोंगा होवो, माग खटखटो, ते आपापल्या आईला धरून गपगार बसलेले असत. पोपटाचं नाव नरसम्माने पुन्हा काढलं नाही.

शनिवारी मी वही नेऊन दिली. ताठ मानेने. मास्तरांनी हात धुतले, पुसले, रुमाल सोडला.

"उंदीर?" ते म्हणाले. आवाज अगदी हळू.

"नाही सर. मी कान पाडले. म्हणजे..."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. एकेक पान उलटत गेले. ए, बी, सी. प्रत्येक पानाला त्यांचं बोट कडेवरून फिरत होतं, आजारी पोराच्या अंगावरून फिरावं तसं. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं आहे. त्यांच्या घरात कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करत, आणि मी त्यांच्या वीस वर्षांना कात्री लावली होती.

"घरी जा," ते म्हणाले.

"सर, विचारायचं..."

"काही विचारायचं नाही. फॉर्मचं विसर."

आबांचा कळप त्या दिवसांत जवळच्या कुंभारी गावाला होता. तुरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. मी तसाच चालत निघालो. मी पोचलो तेव्हा नेमकी जाळी उचलायची वेळ. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली. मी आत शिरलो आणि कोकरं लावू लागलो. सगळं शांत झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, काठी घे.

ते म्हणाले, "खुणा बरूबर पाडल्यास का?"

"व्हय."

"एकाची दुसऱ्याला न्हाय ना गेली?"

"न्हाय, आबा."

"ह्ये शबुद म्हंजे इंग्रजीचंच का?"

"इंग्रजीचं. पर त्यांची आई दुसरी हाय. लॅटिन म्हून भाषा हाय. ती मेली कवाच. कोण बोलत न्हाय आता."

आबा विचारात पडले. "आई मेली आन एवढी कोकरं जगली? मग दूध कुनाचं पिली?"

"इंग्रजांचं."

"मग बरूबर. पाजणारी धडधाकट असली की जगत्यात." आणि उठत म्हणाले, "सकाळी मास्तराकडं जाऊ."

रविवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक कोकरू होतं. मला वाटलं, मास्तरांना भेट द्यायला घेतलंय, आणि मी शरमेने अर्धा झालो. ब्राह्मणाच्या घरी कोकराची भेट! वाटेत तीनदा म्हणालो, "आबा, ह्ये नगं." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मास्तर ओसरीवर बसले होते. आबा पायरीवर टेकले, कोकरू खाली सोडलं.

"तू याचा बाप?"

"व्हय जी."

"तुझ्या मुलाने काय केलं ते ठाऊक आहे?"

"म्हनूनच आलोय जी. ह्येच्या कानाकडं बघा." आबांनी कोकराचा कान दोन बोटांत धरला. टोकाला नीट भरून आलेली कातर होती. "कापला तवा दोन घटका वरडलं. मलाबी वाईट वाटलं. पर त्या दिसापास्नं ह्ये हरवलं न्हाय. तुमच्या वहीला लागलं आसंल, न्हाय म्हनत न्हाय. पोराला त्याची शिक्षा द्या, मी आडवा येत न्हाय. पर इचारून बघा त्येला. खुणा वाया गेल्या असत्याल तर मीच घिऊन जातो."

कोकराने मध्येच तोंड वर करून आरोळी ठोकली. आतून मास्तरांची पत्नी डोकावली आणि पळीभर पाणी वाटीत घालून पुढे सरकवून गेली. मास्तरांनी कोकराचं पिणं होऊ दिलं. मग वही आणली. ए ते एम त्यांनी बाजूला सारलं आणि एकदम एस उघडलं, जिथे माझी कात्री पोचली नव्हती.

"सेग्रिगेट."

हा शब्द मी पाठ केला नव्हता. पण त्यातल्या 'ग्रिगेट'मध्ये त्याचा कान मला दिसला. "कळपातून वेगळं काढणं, सर."

"खरजुलं मेंढरू बाजूला बांधत्यात तसं का रं?" आबा.

"तुम्ही मध्ये बोलू नका," मास्तर म्हणाले. 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "ट्रान्सपोर्ट."

"इथून तिथं वाहून नेणं."

"प्रॉस्पेक्ट."

"पुढचं दिसणं. पुढे काय होईल त्याचा अंदाज."

"पोर्टेंट."

मी जोरात म्हणालो, "वाहून नेणारा!"

"चूक. भावी संकटाची सूचना. त्याचा पोर्टोशी संबंध नाही."

आबा पायरीवरून शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याचं कोकरू आपल्यात शिरलं. हुतंय. हुसकून द्यायचं आन फुडं मोजायचं."

मास्तरांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी आणखी वीसेक शब्द विचारले, पुढून, मागून, मधून. चार चुकले. बाकीचे मी आईचं नाव घेऊन सांगितले. ऊन ओसरीवरून खाली उतरेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी त्यांनी दौत पुढे ओढली आणि फॉर्मवर सही केली.

"वहीची मी क्षमा केलेली नाही," ते मला म्हणाले. "ही सही उत्तरांसाठी आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेव." आणि आबांना म्हणाले, "बसा, गूळपाणी घेऊन जा."

ते गूळपाणी आबा पुढे कितीतरी वर्षं सांगत. फॉर्मचं त्यांना विशेष वाटलं नव्हतं.

मी पास झालो. पुण्याला गेलो, कॉलेज केलं, तिथल्या प्रोफेसरांनी लॅटिनचं आणखी पुष्कळ सांगितलं. एके दिवशी वर्गात कळलं की टेक्स्ट, म्हणजे ग्रंथातला मजकूर, हा शब्द विणण्यावरून आला आहे. मला तिथंच भवानी पेठेतला माग ऐकू आला. सुट्टीत आलो की नरसम्माला सांगायचं असं ठरवलं, की अम्मा, पुस्तकंसुद्धा तुमच्याच धंद्यातली आहेत. आलो तेव्हा ते घर दुसऱ्या कुणाचं झालं होतं. ते सांगायचं राहिलं. अशा राहिलेल्या गोष्टी या वाऱ्याबरोबर परत येतात, आणि हुरड्याबरोबर गिळाव्या लागतात.

लोक मला विचारतात, शब्दसंग्रह कसा वाढवावा? मी सरळ सांगतो : वाढवू नका, ओळखा. पाठांतराला मी नाव ठेवत नाही, माझ्या मास्तरांनी सगळं आयुष्य त्यावर काढलं आणि ते माझ्यापेक्षा मोठे होते. पण एक मूळ ओळखलं की त्याची दहा पोरं आपण होऊन तुमच्या मागे येतात. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. ज्या माणसाला सही येत नव्हती त्याने शिकवलं.

लेले मास्तर गेल्या मार्गशीर्षात वारले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने मला बोलावलं आणि रुमालात बांधलेली वही हातात दिली. "तुम्हाला द्यायची म्हणून सांगून गेलेत."

मी घरी येऊन हात धुतले, पुसले, रुमाल सोडला. एम पर्यंत माझ्या वेड्यावाकड्या खाचा, कडा आता मऊ झालेल्या. एम नंतर पान उलटलं आणि बोट अडकलं. एन ला खाच होती. ओ ला होती. पी ला चीर, एस ला टोकदार खाच, सेग्रिगेटच्या बरोबर समोर. झेडपर्यंत. नखं काढायच्या बारीक कात्रीने, पट्टी लावून कापल्यासारख्या सरळ, एकसारख्या. पोर्टेंटला त्यांनी नवीनच खूण पाडली होती, माझ्या पोर्टोच्या चिरेला जवळ येऊ न देणारी. किती वर्षं हे चाललं असेल? मला ते कधी बोलले नाहीत. वाटेत भेटलो की विचारत, "वडील कसे आहेत?" मी म्हणायचो, "बरे आहेत." एवढंच.

शेवटच्या कोऱ्या पानांवर त्यांनी ज्यांची आई सापडली नाही असे काही शब्द लिहून ठेवले होते, म्हातारपणाच्या थरथरत्या अक्षरात. बहुतेकांपुढे नंतर काही ना काही भरलेलं होतं. एक ओळ तेवढी उघडी. पहिल्या रकान्यात : डॉग. दुसऱ्यात : कुत्रा. तिसऱ्यात तांबड्या शाईने : "मूळ अज्ञात. मोठ्या डिक्शनरीनेही हात टेकले. बिरूच्या वडिलांना विचारणे."

बिरू म्हणजे मी.

आबांनी कळप मोडला त्याला आता बरीच वर्षं झाली. कुंभारीलाच राहतात. तीन शेळ्या आहेत आणि एक म्हातारा कुत्रा, त्यांच्याइतकाच कमी ऐकणारा. गेल्या रविवारी मी वही घेऊन गेलो. शाळू हुरड्याला आला होता, धाटांची सळसळ पार ओट्यापर्यंत येत होती. मी त्यांना मास्तरांच्या खाचा दाखवल्या. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "हात चांगला हुता मास्तराचा," म्हणाले.

मग मी तो प्रश्न विचारला.

"डॉग म्हंजे कुत्रंच न्हवं?" ते हसायला लागले. "आरं, त्येची आई कशापायी हुडकताय दोघंबी? कुत्र्याचा कान कुनी पाडतंय का? ते कळपातलं न्हवंच. कुटनं तरी येतंय, दारात बसतंय, आन मग कळप त्येच्या भरवशावर निजतोय." पायाशी पडलेल्या कुत्र्याच्या पाठीवर त्यांनी पाय घासला. "लिव्ह. राखणीचं हाय म्हून लिव्ह."

मी तिथेच दौत मागवली, आणि मास्तरांच्या तांबड्या अक्षराखाली लिहिलं : "विचारले. राखणीचा आहे."

त्या ओळीसमोरची कड मी कापली नाही.